जुना ट्रॅक्टर घेताय? आधी इंजिनला हात लावा

सुगी झाली, चार पैसे हाती आले, की बैलजोडी विकून जुना ट्रॅक्टर घ्यायचा विचार घरोघर सुरू होतो. विकणारा सांगतो, "इंजिनकाम नुकतंच केलंय, दोन वर्षं बघायला नको." शेतकरी बंधूंनो, इंजिनकाम झालेलं असणं हा दोष नव्हे. पण नेमकं काय काम केलं हे त्याला सांगता येत नसेल, तर तिथं पाणी मुरतंय.

सकाळी लवकर, न कळवता जा. इंजिन हाताला गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, पण ते थंड झाल्यावरच सेल्फ मारायला सांगा. सुरू होताना थोडा धूर येतोच. तापल्यावरही निळा धूर येत राहिला, तर ऑईल जळतंय. ऑईल मोजायची पट्टी काढून बघा. दुधाळ दिसलं तर ऑईलमध्ये पाणी उतरलंय. पिस्टन-लायनरची बिलं मागा. आणि क्रँक किती वेळा घासलाय, हे जरूर विचारा. तो ठरावीक मापापर्यंतच घासता येतो. शेवटच्या मापावर आला असेल, तर पुढच्या खेपेला नवाच टाकावा लागेल, तोही तुमच्या खिशातून. मीटरच्या तासांवर जाऊ नका, मीटर बदलता येतो.

मेस्त्री सोबत न्या, पण आपल्या ओळखीचा, विकणाऱ्याच्या नव्हे.

आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ बघितल्याशिवाय इसार देऊ नका. तोवर बैलजोडीही दावणीलाच असू द्या.