वाळवंटातील सायकलस्वारी : कोरडे अंग फसवते

जोधपूरहून जैसलमेरकडे जाणारा सरळ, मोकळा रस्ता लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना मोह घालतो. हिवाळ्यात तो सुखाचा असतो. मात्र याच थरच्या वाळवंटातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले.

अशा हवेत घाम दिसत नाही, हाच मोठा धोका. सायकल चालत असताना वाऱ्याने घाम क्षणात वाळतो, कपडे कोरडेच राहतात. त्यामुळे तासाला लिटरभर पाणी अंगातून गेले तरी जाणवत नाही. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तापली की वारा उलट उष्णताच देतो. शरीर थंड ठेवायला घाम वाळणे एवढाच मार्ग उरतो.

नुसते साधे पाणी पीत राहणेही घातक ठरू शकते. घामातून मीठ जाते आणि वर पाणी भरपूर झाले, की रक्तातील सोडियम घटते. डोके दुखते, मळमळते, गोंधळल्यासारखे होते. म्हणून सोबत ओआरएस आणि खारे खाणे हवे. उन्हाची सवय व्हायलाही एक-दोन आठवडे लागतात. पहाटे निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी सावली गाठावी.

सोबती असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर उष्माघात समजून १०८ क्रमांकावर फोन करावा. त्याला सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. जवळचे पाणी पिण्यासाठी राखून ठेवण्याची ही वेळ नव्हे.