मोबाइलमधली गोष्ट आणि मुलांची भाषा

डिजिटल गोष्ट म्हटलं की कार्टून डोळ्यांसमोर येतं. ते नव्हे. स्वतःच्या आवाजात सांगितलेली, चार-सहा चित्रं जोडलेली दोन-तीन मिनिटांची गोष्ट. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात ही पद्धत रुजली.

आपल्याकडं परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. फोन धरला की कविता, गोष्ट ऐकू येते. पुढं राज्याच्या पुस्तकांतही कोड आले, आणि २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. मोठंच काम. पण कोडामुळं मूल ऐकतं. सांगायचं कधी?

समजा, नवीन जालन्यातल्या एका मुलीला म्हटलं, कुंडलिकेला पाणी आलं तो दिवस सांग. ती सांगेल, 'मग पाणी आलं, मग आजी ओरडली, मग आम्ही पळालो.' बाईंनी चूक काढली तर ती गप्प बसेल. रेकॉर्डिंग ऐकवलं तर तिचं तिलाच हसू येईल. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिस लिखाणावर रुसलेला आहे: काहीही विचारा, ते तेच तेच सांगतं. रेकॉर्डिंगही तेच करतं, आणि इथं नेमका त्याचाच उपयोग! बोललेलं हवेत विरत नाही, पुन्हा समोर येतं. दुसऱ्या खेपेला एका 'मग'च्या जागी 'तेवढ्यात' येतं, दुसऱ्याच्या जागी 'पाणी ओसरल्यावर'. हे कालवाचक शब्द व्याकरणाच्या तासाला पाठ होतात, पण वापरात येत नाहीत. इथं त्यांची गरज पडते.

आता आजी काय ओरडली? 'काऊन थांबलीस गं?' वहीत या 'काऊन'वर लाल रेघ बसते. गोष्टीत ते राहू द्या. निवेदन पुस्तकी मराठीत, संवाद घरच्या बोलीत. मग ती बोली मराठवाडी असो, दखनी असो, नाहीतर स्टील कारखान्यातल्या कामगाराच्या घरातली भोजपुरी. कुठं कोणती भाषा शोभते, हे मुलाला असं कळतं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्रा'साठी लोकांच्या आठवणी अशाच फिरून गोळा केल्या होत्या. फोन नव्हता, एवढंच.

पाच मुलांत एक फोन पुरतो. मात्र आधी लिहून घेऊ नका, मूल कागद वाचत बसतं. आधी बोलणं, मग ऐकून लिहिणं, मग पुन्हा बोलणं. चित्रं सगळ्यात शेवटी. आधी दिलीत तर सगळा तास रंग निवडण्यातच जातो.