करंगळीच्या नखाएवढा वेळ

गेमिंग पीसीच्या कॅबिनेटची काच काढली की आत वीतभर लांबीचं, दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आडवं बसलेलं दिसतं. गेमर मंडळींमध्ये चांगलंच रुळलेलं एक कार्ड घेऊ: एनव्हिडियाचं आरटीएक्स 3060. 2021च्या फेब्रुवारीत आलेल्या या कार्डाचा कंपनीने ठरवलेला बूस्ट वेग आहे 1777 मेगाहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला 177 कोटी 70 लाख ठोके. माणसाचं हृदय मिनिटाला 72 या गतीने 80 वर्षं चाललं, तर त्याचे ठोके होतात जवळपास 303 कोटी. एवढे ठोके हे कार्ड पावणेदोन सेकंदांच्या आत संपवतं.

आता एकच ठोका हातात घेऊन बघा. तो 563 पिकोसेकंदांचा असतो, आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या लाख कोटी भागांपैकी एक भाग. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एवढ्या वेळात जातो फक्त 17 सेंटिमीटर. वीतभर कार्डाचं एक टोक सोडून तो दुसऱ्या टोकाला पोचत नाही, तोच पुढचा ठोका पडलेला असतो.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे या ठोक्यातून थोडा वेळ काढून घेणं. वेग 100 मेगाहर्ट्झने वाढवला की ठोका 563 वरून 533 पिकोसेकंदांवर येतो. आपण मागितले फक्त 30 पिकोसेकंद. तेवढ्यात प्रकाश नऊ मिलिमीटर सरकतो, करंगळीच्या नखाएवढा. हा सगळा खेळ त्या नखाएवढ्या वेळाचा आहे.

तो वेळ शिल्लक असतो, कारण चिप काही एका साच्यातली नाणी नसतात. अंगठ्याच्या नखापेक्षा जराशा मोठ्या सिलिकॉनवर हजार कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर कोरलेले असतात आणि कुठल्याही दोन चिप अगदी सारख्या उतरत नाहीत. प्रत्येक ठोक्याला सिग्नल ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीतून धावतो आणि पुढचा ठोका पडायच्या आत त्याला शेवटच्या कडीवर स्थिरावायचं असतं. हजारो साखळ्यांतली सर्वांत संथ साखळी चिपचा वेग ठरवते. कंपनी मात्र सगळ्यांना एकच आकडा देते, आणि उन्हाळ्यात, जुनं झाल्यावर, पंख्यावर धूळ साचल्यावरही कार्ड चालावं म्हणून थोडी सूट हाताशी ठेवते. तुमच्या चिपकडे ही सूट किती, ते तुमची चिपच सांगते. शेजाऱ्याच्या कार्डाचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

संथ साखळी वेळेत पोचली नाही तर उत्तर चुकतं. एवढंच. पण ते किती उत्तरांपैकी एक असतं, ते पाहिलं की मन थक्क होतं.

या कार्डात 3584 कोअर आहेत. प्रत्येक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज करू शकतो. गुणून पाहा: सेकंदाला 12.7 लाख कोटी गणितं. जगातल्या 800 कोटी माणसांनी, तान्ह्या बाळांसकट, सेकंदाला एक या हिशेबाने गणितं करायला घेतली, तर कार्डाचं एका सेकंदाचं काम संपवायला सगळ्या मानवजातीला साडेसव्वीस मिनिटं लागतील. विश्व जन्मल्यापासून, म्हणजे 1380 कोटी वर्षांत, जितके सेकंद उलटले, तितकी गणितं हे कार्ड पूर्ण ताकदीने साडेनऊ तासांत करतं. आणि तासाला एक चूक करणारं कार्ड म्हणजे सुमारे 46 हजार लाख कोटी उत्तरांपैकी एक चुकवणारं कार्ड. आपण त्यालाही नापास करतो, आणि ते बरोबरच आहे.

कारण ती एक चूक कुठे पडेल, ते आपल्या हातात नाही. साध्या फुल एचडी पडद्यावर 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. सेकंदाला 60 चित्रं धरली तर एकेका ठिपक्याच्या वाट्याला लाखभर गणितं येतात. चूक रंगाच्या हिशेबात पडली तर निळ्या आकाशात एक हिरवा ठिपका सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यापुरता चमकून जातो. ती आकाराच्या हिशेबात पडली तर भिंतीतून एक लांबलचक त्रिकोण बाहेर येतो. आणि नेमकी कामाच्या क्रमात पडली तर कार्ड गप्प होतं. विंडोज त्याची दोन सेकंद वाट पाहतं. कार्डाच्या हिशेबाने हे 355 कोटी ठोके, म्हणजे माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठा काळ. तरीही उत्तर आलं नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, तो याचमुळे.

मेमरीची गोष्ट वेगळी, आणि जास्त फसवी. तिथे पाठवलेल्या माहितीची तपासणी होते आणि चुकलेली माहिती पुन्हा पाठवली जाते. त्यामुळे वेग हद्दीपलीकडे गेला तरी पडद्यावर बऱ्याचदा काही दिसत नाही, उलट बेंचमार्क चाचणीतले गुण कमी होऊ लागतात. म्हणून मेमरीचा वेग वाढवणारा स्लायडर सरकवताना डोळे चित्रावर नव्हे, बेंचमार्कच्या आकड्यावर ठेवायचे.

उष्णतेचे आकडे मला सर्वांत भीतिदायक वाटतात. कार्ड 170 वॅटचं. त्यातले 100 वॅट चिपमध्ये गेले असं धरा. चिपचं व्होल्टेज जेमतेम एक व्होल्ट, म्हणजे प्रवाह झाला 100 अँपिअर. घरातला गीझरचा जाड पिनांचा प्लग असतो 16 अँपिअरचा. हे 100 वॅट पावणेतीन चौरस सेंटिमीटरांतून बाहेर पडतात, चौरस सेंटिमीटरला 36 वॅट. हजार वॅटची कपड्यांची इस्त्री चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॅटच्या आसपास असते. आणि व्होल्टेजचा परिणाम वर्गाने वाढतो: वेग पाच टक्के वाढवून व्होल्टेजही पाच टक्के वाढवलं, तर चिपची वीज सोळा टक्के वाढते. म्हणून व्होल्टेजच्या स्लायडरला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत. उलटा प्रयोग मला आपल्या हवेत जास्त शहाणपणाचा वाटतो: वेग तोच ठेवून व्होल्टेज पाच टक्के उतरवलं तर दहा टक्के वीज वाचते. चाचणी मात्र तितकीच कसून करायची, कारण कमी व्होल्टेजनेही साखळी संथच होते.

रीत सोपी आहे. आधी काही न बदलता बेंचमार्क चालवून गुण आणि तापमान लिहून ठेवायचं. मग एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोअरचा वेग 15-15 मेगाहर्ट्झने वाढवायचा. अशा एका पायरीत आपण पावणेपाच पिकोसेकंद मागतो. प्रकाशाच्या भाषेत मोहरीच्या दाण्याएवढे. दर पायरीला छोटी चाचणी. ठिपका दिसला किंवा पडदा काळा झाला की दोन-तीन पायऱ्या मागे यायचं. तापमान 80 अंशांच्या पुढे जाऊ लागलं तर वेगाचा विचार सोडून आधी धूळ झाडायची. नागपूरच्या मे महिन्यात खोली पंधरा अंशांनी तापली की चिपही जवळपास तितकीच तापते, तेव्हा डिसेंबरातला निकाल मेमध्ये पुन्हा तपासावा लागतो.

आणि शेवटची चाचणी लांब हवी. थ्रीडीमार्कची ताणचाचणी 20 फेऱ्या घेते आणि फ्रेमरेट 97 टक्के स्थिर राहिला तर पास करते. सुरुवातीला ती उत्तम, पण पुरेशी नाही. संख्याशास्त्रात तीनाचा नियम आहे: दहा मिनिटं एकही चूक झाली नाही, तर 95 टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की सरासरी सुमारे सव्वातीन मिनिटांत एकापेक्षा जास्त चुका होत नाहीत. तासाला सरासरी एकापेक्षा जास्त चूक होत नाही, एवढी खात्री हवी असेल तर सलग तीन तास निर्दोष जायला हवेत. ओसीसीटीसारखं चुका मोजणारं साधन लावा आणि नंतर रोजचा गेमही खेळून पाहा.

एवढं करून हाती येतात साठाच्या जागी त्रेसष्ट फ्रेम. सगळ्या चाचण्या पार पडेपर्यंत आफ्टरबर्नरमधला विंडोजबरोबर सेटिंग आपोआप लागू करण्याचा पर्याय बंदच ठेवा. काही बिघडलं तर पीसी रीस्टार्ट केला की कार्ड परत आपल्या मूळ 1777वर येतं.