कानापुरता ॲम्प्लिफायर आणि खोलीभर आवाजाची अपेक्षा

ज्या खाचेत हेडफोनची पिन बसते, त्याच खाचेत स्पीकरच्या तारेला जोडलेली पिनही बसते. घोटाळ्याची सुरुवात येथूनच होते. खिशात मावणारा हेडफोन ॲम्प्लिफायर हाती असतो, माळ्यावर जुने स्पीकर धूळ खात पडलेले असतात आणि दोहोंमध्ये केवळ एका तारेचे अंतर उरलेले दिसते. तार जोडली जाते, संगीत सुरू होते, पण ते शेजारच्या घरातून ऐकू यावे तसे. मग बटण आणखी फिरविले जाते, आवाज फाटू लागतो आणि दोष स्पीकरच्या माथी मारला जातो. वस्तुतः स्पीकर निर्दोष असतो. उणीव असते ती विद्युतधारेची.

घरी बनवता येण्याजोग्या अशा ॲम्प्लिफायरांपैकी ‘सीमॉय’ हा बहुधा सर्वाधिक परिचित. चू मॉय यांचा हा आराखडा गेल्या शतकाच्या अखेरीस हौशी मंडळींमध्ये पसरला आणि पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत तो बसविण्याची जणू प्रथाच पडली. ९ व्होल्टची एक बॅटरी आणि ओपीए २१३४ ही चिप, एवढाच त्याचा मुख्य संसार. ही चिप जास्तीत जास्त ४० मिलिअँपिअरच्या आसपास विद्युतधारा देऊ शकते. हेडफोनला ती पुरून उरते. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये १ मिलिवॉट शक्ती पोहोचविण्यास ६ मिलिअँपिअरहूनही कमी धारा लागते आणि तेवढ्यावर अनेक हेडफोन कानाशी १०० डेसिबलच्या घरात आवाज देतात.

स्पीकरचा हिशेब निराळा आहे. घरगुती स्पीकर सामान्यतः ४ किंवा ८ ओहमचे असतात. ८ ओहमच्या स्पीकरला १ वॉट शक्ती द्यायची, तर विद्युतदाबाचे शिखर ४ व्होल्टपर्यंत आणि धारेचे शिखर ५०० मिलिअँपिअरपर्यंत जावे लागते. दाबाच्या बाबतीत ९ व्होल्टची बॅटरी फार मागे पडत नाही. धारेच्या बाबतीत मात्र मागणी क्षमतेच्या बारापटींहून अधिक आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? ४० मिलिअँपिअर गुणिले ८ ओहम म्हणजे अवघा ०.३२ व्होल्ट. त्यापुढे बटण कितीही फिरविले, तरी ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, आवाज कर्कश होतो आणि चिप तापते.

या मर्यादेत स्पीकरला मिळणारी शक्ती भरते सुमारे ६.४ मिलिवॉट. १ वॉटला १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल देणारा स्पीकर एवढ्या शक्तीवर ६६ डेसिबलपर्यंत पोहोचतो. हा आकडा साध्या बोलण्याइतका आहे, पण तो संगीताच्या शिखरांचा आहे. सरासरी पातळी त्याहून १० ते १५ डेसिबल खालीच राहते. म्हणजे खोलीत दोन माणसे गप्पा मारू लागली, की संगीत बुडालेच.

खर्जाची अवस्था तर याहून केविलवाणी होते. एकाच बॅटरीवर चालणाऱ्या या रचनेत दोन रोध आणि २२० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर यांच्या साहाय्याने बॅटरीचा कृत्रिम मध्यबिंदू तयार केलेला असतो. स्पीकरमधून परतणारी धारा याच मध्यबिंदूवर येते. ८ ओहमचे दोन स्पीकर जोडले, की सुमारे ९० हर्ट्झच्या खालचे स्वर क्षीण होऊ लागतात. डग्ग्याचा घुमारा नेमका याच भागात असल्याने तबल्याची जोडी एका हाताने वाजत असल्याचा भास होतो.

काही ॲम्प्लिफायरांत बाहेर जाणाऱ्या मार्गावर १० ओहम किंवा अधिक रोध मुद्दाम घातलेला असतो. हेडफोनला तो फारसा जाणवत नाही, मात्र ८ ओहमच्या स्पीकरपुढे तोच निम्म्याहून अधिक दाब खाऊन टाकतो. शिवाय स्पीकरचा अवरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. अनुनादाच्या ठिकाणी तो ४० ओहमपर्यंत चढला, तर तेवढाच एक स्वर इतरांपेक्षा ५ डेसिबलने वर येऊन घोंगावतो.

मग ही जोडणी सर्वथा व्यर्थच का? तसेही नाही. पॉल क्लिप्श यांचा १९४६ पासून बनत असलेला ‘क्लिपशॉर्न’ हा कर्ण्याचा स्पीकर १ वॉटला सुमारे १०५ डेसिबल देतो, त्यामुळे तेच ६.४ मिलिवॉट त्याला ८० डेसिबलच्या पुढे नेतात. अर्थात कपाटाएवढा स्पीकर आणि गोळ्यांच्या डबीतला ॲम्प्लिफायर हे लग्न विजोडच! मेजावर हातभर अंतरावर ठेवलेले छोटे स्पीकर रात्रीच्या शांततेत हळू आवाजात ऐकण्यापुरतेही चालून जातात. दोन ऋण टोकांच्या तारा स्वतंत्र असलेल्या ‘बॅलन्स्ड’ प्रकारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र ती टोके एकत्र जोडणे कटाक्षाने टाळावे लागते. तेथे यंत्र निकामी होण्याचाच धोका असतो.

खरा उपाय स्वस्तही आहे. पीएएम ८४०३ ही चिप असलेली बोटभर पट्टी मोबाइलच्या चार्जरमधून मिळणाऱ्या ५ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला प्रत्येकी ३ वॉटपर्यंत शक्ती देते. त्यासाठी हेडफोन ॲम्प्लिफायर टाकून देण्याचेही कारण नाही. त्याची तार या पट्टीच्या आगमन-टोकांना जोडली आणि आवाज बेताचा ठेवला, की धारा पुरविण्याचे ओझे पट्टीवर जाते.