‘मी डिटेलवाला माणूस आहे’ म्हणजे नेमकं काय?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांकडून एक वाक्य बरेचदा ऐकू येतं: “मी आयएसटीजे आहे. प्रॅक्टिकल, डिटेल बघणारा. थिअरी आपला प्रांत नाही.” ऑनलाइन टेस्टमधून मिळालेल्या चार अक्षरांवर विषय, मेथड, कधीकधी गाइडसुद्धा ठरतो. म्हणून आज बघू, हा ‘टाइप’ आला कुठून आणि त्यावर किती विसंबायचं.

चार अक्षरांची गोष्ट

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर पुस्तक लिहिलं. त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी जी प्रश्नावली घडवली, ती म्हणजे एमबीटीआय. त्यात ‘एस’वाला माणूस हाताला लागणारी, तपासता येणारी माहिती आधी बघतो, तर ‘एन’वाला तिच्यामागच्या शक्यता आणि संबंध शोधतो. ‘जे’वाल्याला काम ठरवून, क्रमाने, वेळेत संपवायला आवडतं. ‘एस’ आणि ‘जे’ एकत्र आले की आपला ओळखीचा ‘डिटेलवाला’ तयार होतो: सूचना पूर्ण वाचणारा, फाइलींना नीट नावं देणारा, दिलेला शब्द पाळणारा.

वर्णन पटतं. अडचण आहे ती डब्यांची. माणसांचे गुण सलग पट्टीवर पसरलेले असतात आणि बहुतेक जण मधल्या भागात सापडतात. दहावीत ३४ आणि ३५ मार्कांमध्ये अभ्यासाचा फरक जवळपास शून्य, पण एक नापास, दुसरा पास. टाइपचंही तसंच. त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा टेस्ट दिली, की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदललेलं असतं.

एक टाइप की दोन गुण?

संशोधनात आज जास्त वापरतात ते ‘बिग फाइव्ह’ मॉडेल. त्यात डबे नाहीत, पाच पट्ट्या आहेत. मॅक्रे आणि कोस्टा यांनी १९८९ मध्ये एमबीटीआयची या मॉडेलशी तुलना केली. ‘जे’ची बाजू जुळली कॉन्शिएन्शसनेसशी, म्हणजे शिस्त, नीटनेटकेपणा आणि जबाबदारीशी. ‘एस-एन’ची जोडी जुळली ओपननेसशी, म्हणजे नव्या कल्पनांबद्दलच्या खुलेपणाशी.

इथेच खरा मुद्दा आहे. ‘डिटेलवाला’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. काटेकोर असणं म्हणजे कल्पनांना बंद असणं नव्हे. केपलरचंच बघा. ग्रहांच्या रचनेत भूमिती आणि संगीत शोधणारा हा माणूस. पण ट्यको ब्राहेच्या निरीक्षणांशी त्याचं मंगळाचं गणित फक्त ८ कलांनी, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागाने, चुकत होतं आणि तेवढ्यासाठी त्याने ते गणित टाकून दिलं. त्यातूनच १६०९ च्या ग्रंथात लंबवर्तुळाकार कक्षा आली. आता याला कुठल्या डब्यात टाकणार?

कामाशी संबंध किती?

बॅरिक आणि माउंट यांच्या १९९१ च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये कॉन्शिएन्शसनेसचा कामगिरीशी संबंध सगळ्या व्यवसायगटांत दिसला. पण सहसंबंध साधारण ०.२. त्याचा वर्ग केला तर ०.०४, म्हणजे कामगिरीतल्या फरकांपैकी जेमतेम ४ टक्के. संबंध खरा आहे, पण एवढ्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

तुमच्यासाठी याचा उपयोग

पहिलं, तुमच्या अभ्यासात व्यक्तिमत्त्व मोजणार असाल तर स्कोअर तसाच्या तसा वापरा. मध्यकावर कापून ‘हाय’ आणि ‘लो’ गट केले, की हातातली माहिती आपणच फेकून देतो. व्हायवात यावर प्रश्न येऊ शकतो.

दुसरं, स्वतःकडे बघताना कॉन्शिएन्शसनेसचे भाग सुटे करा. त्यात नीटनेटकेपणा, स्वयंशिस्त, विचार करून पाऊल टाकणं असे वेगवेगळे पैलू येतात. डेटाशीट चकाचक, पण पहिलं प्रकरण सहा महिने गाइडकडे गेलेलंच नाही, असं होऊ शकतं. नीटनेटकेपणा भरपूर, ‘आता पुरे’ म्हणणं जमत नाही. यावर उपाय साधा: प्रत्येक ड्राफ्टला तारीख ठरवा आणि त्या दिवशी आहे तसा द्या.

आणि थिअरीचं काय? डेटातली न बसणारी नोंद आधी कोणाला दिसते? बारकाईने बघणाऱ्यालाच. ती ‘एरर’ म्हणून पुसण्याआधी ‘असं का?’ एवढं विचारा. थिअरीचं काम तिथूनच सुरू होतं.