बांबूच्या बेटातला वाजणारा साप

बांबू म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं, मेळघाट आठवतो, फार तर चीनमधले पांडा. पण अमेरिकेचाही अस्सल देशी बांबू आहे, आणि त्याच्या गच्च बेटांत शेपटी वाजवणारा साप राहतो. आग्नेय अमेरिकेत या बेटांना ‘केनब्रेक’ म्हणतात, म्हणून सापही झाला केनब्रेक रॅटलस्नेक. या घरमालकाच्या आणि त्याच्या भाडेकरूच्या काही भन्नाट गोष्टी:

फुलला की संपला!
अरुंडिनेरिया हा अमेरिकेचा एकमेव देशी बांबू-वंश. यातला ‘जायंट केन’ चांगल्या जमिनीत सात-आठ मीटर उंच होतो. जमिनीखालच्या खोडातून तो हातपाय पसरतो. फुलतो क्वचितच आणि फुलला की बहुतेकदा वाळून जातो.

दुपदरी टोपली
अमेरिकेतले मूळनिवासी चेरोकी लोक या बांबूच्या पट्ट्या काढतात, अक्रोडाच्या वगैरे रंगात रंगवतात आणि टोपली विणतात. आत एक टोपली, बाहेर दुसरी, पण वीण मात्र सलग! याच बांबूच्या फुंकनळीतून बाण मारून ते छोटी शिकारही करत.

टेडी बेअरचं माहेर
१९०२ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रुझवेल्ट मिसिसिपीतल्या केनब्रेकमध्ये अस्वलाच्या शिकारीला गेले. वाटाड्या होल्ट कॉलियरने एक अस्वल पकडून झाडाला बांधलं, पण बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रुझवेल्टनी नकार दिला. त्यावर व्यंगचित्र निघालं आणि त्यातून टेडी बेअर जन्माला आलं. १९०७ मध्ये साहेब पुन्हा आले, या वेळी लुइझियानाच्या केनब्रेकमध्ये, आणि अस्वल मारूनच परतले.

शेपटीवरून वय? छे!
आता भाडेकरूकडे वळू. सापाच्या शेपटीचा खुळखुळा म्हणजे आपल्या नखांसारख्या केराटिनच्या, एकमेकींत अडकलेल्या पोकळ कड्या. साप कात टाकतो तेव्हा एक कडी वाढते. पण कात वर्षातून एकापेक्षा जास्त वेळाही पडते आणि टोकाच्या कड्या तुटतात, म्हणून कड्या मोजून वय काढणं फोल. नवजात पिल्लाला तर एकच गुंडी असते. कितीही हलवली तरी आवाज नाही!

ओंडक्यावर हनुवटी
पडलेल्या ओंडक्याशेजारी वेटोळं घालायचं, हनुवटी ओंडक्यावर टेकवायची आणि तासन् तास वाट बघायची. उंदीर-खारींची ये-जा ओंडक्यांवरून चालते, हे त्याला पक्कं माहीत. दंश करून तो शिकार सोडून देतो आणि जिभेने वास घेत तिच्या मागावर जातो. अंगावरच्या पट्ट्यांमुळे पाचोळ्यात तो दिसतच नाही; शेपटी मात्र मखमली काळी.

चापड्याचा चुलता
डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या खळग्याने त्याला उष्णता कळते, त्यामुळे काळोखातही उंदीर सुटत नाही. असाच खळगा आपल्या सह्याद्रीतल्या चापडा या सापालाही असतो. दोघे एकाच कुळातले.

अंडी नाहीत, थेट पिल्लं
मादी वयात यायला बरीच वर्षं घेते आणि त्यानंतरही दरवर्षी वीत नाही. म्हणून एक मोठी मादी मारली की भरपाई व्हायला फार काळ लागतो.

घरच गेलं
जिथे केन तिथे सुपीक जमीन, हे वसाहतवाल्यांनी ओळखलं आणि बेटं साफ करून शेती केली. उरलेलं गुरांनी चरलं. आज मूळ केनब्रेकपैकी जेमतेम दोन टक्के शिल्लक असल्याचं मानतात. या बेटांत घरटी करणारा बॅकमन्स वॉर्बलर हा पक्षी २०२३ मध्ये अधिकृतपणे नामशेष ठरला. साप अजून नदीकाठच्या रानांत तग धरून आहे, पण व्हर्जिनियात त्याचं नाव संकटग्रस्तांच्या यादीत गेलंय.

तेव्हा मिसिसिपीकडे फिरायला गेलात आणि पाचोळ्यातून खुळखुळ ऐकू आली, तर थांबा, साप कुठे आहे ते बघा आणि मागे सरका. तो माणसाचा पाठलाग करत नाही. आंबोलीत मात्र जास्त जपा. आपला चापडा वाजत नाही, म्हणून रात्री झाडोऱ्यात हात घालण्याआधी टॉर्च मारा.