चिठ्ठीतील अनुक्त

'डॉक्टरसाहेब, चिठ्ठी लिहून द्या.' घाटावर असो वा घाटाखाली, आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील रुग्ण हेच शब्द उच्चारतो. ग्रंथांतून 'व्यवस्थापत्र', औषधालयात 'प्रिस्क्रिप्शन' आणि रुग्णाच्या मुखी 'चिठ्ठी', अशी एकाच कागदाची ही तीन नावे. या शब्दांत दडलेल्या अर्थांचा आपल्या नित्य व्यवहाराशी किती निकटचा संबंध आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

'प्रिस्क्रिप्शन' हा शब्द मूळ लॅटिन असून 'आधी लिहिलेले' असा त्याचा अर्थ होतो. शिरोभागी काढले जाणारे 'आरएक्स' हे चिन्ह 'घे' या अर्थाच्या लॅटिन आज्ञार्थी रूपाचा संक्षेप होय. स्वयंपाकघरातील 'रेसिपी' हा शब्दही त्याच रूपातून आला आहे. हकिमांचा 'नुस्खा' हा अरबी शब्द मुळात 'प्रत' वा 'नक्कल' या अर्थाचा. अर्थात चिठ्ठी ही पूर्वविचार आहे, आज्ञा आहे आणि जपून ठेवण्याची प्रतही आहे.

याच शब्दाचा आणखी एक अर्थ कायद्यात आढळतो, तो म्हणजे दीर्घकालीन उपभोगाने प्राप्त होणारा हक्क. १८८२ च्या ईझमेंट कायद्यानुसार वाट, उजेड वा हवा यांचा वीस वर्षे उघड, शांततामय व अखंड उपभोग घेतल्यास त्यावर हक्क निर्माण होतो. आमच्याकडे घडीवर जीर्ण झालेली जुनी चिठ्ठी घेऊन येणारे रुग्ण पाहिले की या अर्थाची हटकून आठवण होते. एकदा लिहिलेले औषध हा त्यांना जणू जन्माचा हक्क वाटतो!

आता आपल्या शास्त्राकडे वळू. शार्ङ्गधराचार्यांनी 'अनुक्त' म्हणजे न सांगितलेल्या गोष्टींविषयी स्पष्ट संकेत दिले आहेत. काल सांगितला नसेल तर प्रातःकाल समजावा, वनस्पतीचे अंग सांगितले नसेल तर मूळ घ्यावे, प्रमाण नसेल तर समभाग घ्यावेत आणि पात्र नसेल तर ते मातीचे असावे. ग्रंथ वाचणारा वैद्यच असल्याने हे संकेत पुरेसे होते. आपल्या चिठ्ठीचे वाचक मात्र औषधविक्रेता व रुग्ण हे आहेत. त्यांना हे संकेत ज्ञात नाहीत. त्यांनी अनुक्ताची पूर्तता केली, तर ती केवळ अंदाजानेच होणार.

असा प्रसंग काही वर्षांपूर्वी आमच्याच हातून घडला. आम्लपित्ताने त्रस्त, पाच महिन्यांच्या एका गर्भिणीस आम्ही लघुसूतशेखर योजिला आणि घाईत 'ल. सू.' एवढेच लिहिले. त्यातील 'ल' इतका पुसट उमटला की औषधालयात सूतशेखर दिला गेला. सुवर्णगैरिक, सुंठ व नागवेलीच्या पानांचा रस यांनी सिद्ध होणारा लघुसूतशेखर कोठे, आणि पारद, वत्सनाभ व धत्तूरबीज असलेला सूतशेखर कोठे! चौथ्या दिवशी ती डबी घेऊन आली तेव्हा आमच्या ध्यानी आले. माता व बालक पुढे सुखरूप राहिले, हे आमचे भाग्य. डबीवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली होती; परंतु चिठ्ठी आहे म्हणजे देखरेख झालीच, असे त्या माउलीने मानले. तिचे चुकले असे कोण म्हणेल? विक्रेत्यासही आम्ही दोष देत नाही. दोष आमच्या लेखणीचा होता.

औषधे नियम, १९४५ मधील नियम ६५ चिठ्ठीवर वैद्याची स्वाक्षरी, दिनांक, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा असावी असे सांगतो. लेखकाने तसे नमूद केल्याशिवाय अनुसूची 'एच'मधील औषध त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा देता येत नाही. हे नियम आधुनिक औषधांसाठी असले, तरी अनुसूची 'ई-१'मधील विषद्रव्ये असलेले कल्प योजताना आपणही ते स्वेच्छेने पाळण्यास कोणती अडचण आहे?

वैद्यबंधूंनी कल्पाचे नाव पूर्ण लिहावे. 'महा' व 'लघु' ही केवळ उपपदे नव्हेत. योगराज गुग्गुळात भस्मे नसतात, महायोगराजात असतात. मात्रा, काल, अनुपान, पथ्य आणि किती दिवस घ्यावयाचे, हेही मराठीत सुवाच्य लिहावे. औषधविक्रेत्या बंधूंनी संशय येताच दूरध्वनी करावा. त्यात वैद्याचा अवमान नाही.

भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद चरकाचार्यांनी सांगितले. या चौघांना जोडणारा दुवा म्हणजे हा हातभर नव्हे, वीतभर कागद. त्यात अनुक्त काही उरू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घेऊ या.